तडीपारी मोडली म्हणून शिक्षा झालीये, अपील कसं करायचं (सांगली-साताऱ्याच्या घरच्यांसाठी)

तडीपार असताना घरी आला म्हणून ज्याला शिक्षा झालीये त्याच्या घरच्यांसाठी हे लिहितेय. मी सांगलीत विधी सेवेची पॅरा लीगल व्हॉलंटियर आहे, वकील नाही, त्यामुळे कोर्टात उभं राहायला वकील लागणारच, पण वकिलाकडे गेल्यावर काय मागायचं, काय विचारायचं आणि कुठली तारीख अजिबात चुकवायची नाही हे घरच्यांना माहीत असलं की लई फरक पडतो. बहुतेक वेळा आई येते नाहीतर बहीण येते, हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात सगळे कागद एकात एक घुसलेले, आणि पहिला प्रश्न असतो, ताई सुटेल का. ते बघूच, पण आधी पिशवी रिकामी करा आणि कागदांचे दोन ढीग लावा.

पहिल्या ढिगात तडीपारीचा आदेश आणि त्याच्या आधीच्या नोटिसा. हा आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ खालचा असतो, कलम ५५, ५६ नाहीतर ५७. ५५ टोळीसाठी, त्यावर आपल्याकडे एसपींची सही असते, ५६ एकेकट्या माणसासाठी, त्यावर बऱ्याचदा प्रांतसाहेबांची (उपविभागीय दंडाधिकारी), आणि ५७ आधी शिक्षा झालेल्यांसाठी. दुसऱ्या ढिगात कोर्टाचे कागद, म्हणजे एफआयआर, अटकेचा पंचनामा, चार्जशीट, जामिनाचे कागद आणि मॅजिस्ट्रेटचा निकाल. ही केस कलम १४२ ची असते, आदेश असताना परवानगीशिवाय हद्दीत आला हा गुन्हा. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि सहा महिन्यांपेक्षा कमी द्यायची असेल तर कोर्टाला कारण लिहावं लागतं, शिवाय दंड.

दोन ढीग कशासाठी, तर दोन्हीची अपिलं वेगळी आहेत आणि लोक नेमके इथंच फसतात. आदेशाविरुद्धचं अपील कलम ६० खाली शासनाकडे करायचं, आपल्या दोन्ही जिल्ह्यांचं ते पुण्याला विभागीय आयुक्तांपुढं चालतं. शिक्षेविरुद्धचं अपील सेशन कोर्टात. एक केलं म्हणजे दुसरं झालं असं होत नाही, एकात स्टे मिळाला म्हणून दुसऱ्यात मिळाला असंही नाही.

ह्याचा सगळ्यात वाईट फटका कुठं बसतो सांगते. तासगाव तालुक्यातला एक पोरगा, अपील दाखल झालं, सेशन कोर्टानं शिक्षा स्थगित करून जामीन दिला, संध्याकाळी जेलातून बाहेर आला, घरच्यांना वाटलं सुटला, मोटरसायकलवर बसवून सरळ गावी नेला, आईनं ओवाळलं, आणि त्याच आठवड्यात परत पोलिसांनी उचलला, परत १४२. कारण स्थगित झाली होती ती शिक्षा, तडीपारीचा आदेश तर चालूच होता, त्याला अजून सात-आठ महिने बाकी होते. कुणी त्या आईला हे सांगितलंच नव्हतं. म्हणून जामिनाचा अर्ज करतानाच ठरवून ठेवा की सुटल्यावर हा कुठं राहणार, जिल्ह्याबाहेर कुणाकडं, तिथला पत्ता काय, आणि जेलच्या दारातून त्याला थेट तिकडेच न्या. सांगलीतून तडीपार असेल तर सांगली जेलातून बाहेर पडल्यावर एक रात्र सुद्धा मामाकडं मिरजेत नको. वकिलाला सांगून बाहेरचा पत्ता कोर्टाच्या रेकॉर्डवर आणा म्हणजे पुढं कुणी शंका घ्यायला नको.

आता दिवसांचं. सेशन कोर्टात अपील करायला ३० दिवस मिळतात, निकालाच्या तारखेपासून. निकालाचा दिवस धरायचा नाही, आणि निकालाची सही-शिक्क्याची नक्कल मिळायला जेवढे दिवस लागले तेवढे वजा होतात. समजा निकाल ३ जूनला लागला तर ३० दिवस भरतात ३ जुलैला, ६ जूनला नकलेचा अर्ज टाकला आणि १५ जूनला नक्कल तयार झाली तर ते दहा दिवस वाढतात, म्हणजे १३ जुलै. नकलेवर शिक्का असतो, त्यात अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली ह्या तारखा असतात, तो शिक्का नीट बघा, तयार झालेली नक्कल तुम्ही महिनाभर आणायलाच गेला नाही तर ते दिवस काही वजा होत नाहीत. आणि अजून एक, जेलची शिक्षा झाली की निकालाची एक प्रत आरोपीला लगेच फुकट द्यायची असते, हा कायद्यातला हक्क आहे, त्याच दिवशी मागून घ्या. ती हातात असेल तर वाढीव दिवसांवर विसंबू नका, ३० दिवसांच्या आतच अपील टाका, माझं तर म्हणणं पहिल्या आठवड्यातच टाका कारण तोवर माणूस आत बसलेला असतो. दिवस गेले असतील तरी हात टेकू नका, उशीर माफीचा अर्ज अपिलासोबत देता येतो, पण त्यात खरं कारण आणि त्याचा पुरावा लागतो, दवाखान्याचे कागद, जेलात असल्याचा दाखला, असं काहीतरी.

निकालाच्या दिवशीच एक काम होऊ शकतं. केस चालू असताना माणूस जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांच्या आतली असेल (१४२ मध्ये ती असणारच) तर शिक्षा देणारं मॅजिस्ट्रेट कोर्टच अपील करण्यापुरता वेळ त्याला जामिनावर सोडतं, विशेष कारण असलं तरच नाही म्हणतं. हे बीएनएसएसचं, म्हणजे फौजदारी केस कशी चालवायची त्या नव्या कायद्याचं कलम ४३०, जुन्या सीआरपीसीत ३८९ होतं. त्यासाठी वकिलानं तिथल्या तिथं अर्ज द्यायला हवा, जामीनदार कोर्टात हजर हवा, सातबारा नाहीतर पगारपत्रक, आधार, फोटो सोबत हवं. निकालाची तारीख माहीत असते ना, मग जामीनदाराला त्या दिवशी घेऊनच जा, दुपारी दोनला फोन करून शिराळ्याहून बोलवत बसलं तर कोर्ट उठतं आणि पोरगा आत जातो. हा जामीन ठराविक तारखेपर्यंतच असतो, त्या तारखेच्या आत सेशन कोर्टातून शिक्षेला स्थगिती मिळवायची, नाहीतर हजर व्हावं लागतं.

माणूस आधीपासून आतच असेल तर जेलातून सुद्धा अपील करता येतं, अर्ज आणि निकालाची प्रत जेल अधिकाऱ्याकडं द्यायची, ते कोर्टाकडं पाठवतात. वकीलपत्रावर आत सही घ्यायची असेल तर ती जेलरच्या समोर होते आणि जेलर त्यावर शिक्का मारतो. आणि कस्टडीत असलेल्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असू दे, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ कलम १२. बायकांना आणि एससी-एसटीच्या लोकांना पण उत्पन्न न बघता मिळतो. सांगलीत विजयनगरच्या कोर्टात आणि साताऱ्यात जिल्हा कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते, आणि १५१०० हा फोन नंबर आहे. फुकटचा वकील म्हणजे कामचुकार असतो असं लोक बोलतात, मी एवढंच सांगेन की पॅनलवरच्या कितीतरी वकिलांना मी रात्री आठला जेल अपिलाचे कागद वाचत बसलेलं बघितलंय. कागद पूर्ण द्या, दर तारखेला जाऊन भेटा, कुठलाही वकील असा माणूस विसरत नाही.

सेशन कोर्ट कुठलं हे मॅजिस्ट्रेट कोर्ट कुठलं होतं त्यावर आहे. कराड, इस्लामपूर अशा ठिकाणी अतिरिक्त सेशन कोर्ट आहेत, प्रत्येकाला जिल्ह्याच्या गावी जावं लागत नाही. अपील दाखल झालं की १६ अक्षरी सीएनआर नंबर मिळतो, तो मोबाईलमधे ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकून ठेवा, पुढची तारीख घरबसल्या दिसते.

आता कबुलीचं, इथं मला खरंच पोटतिडकीनं बोलायचंय. ‘कबूल कर, दंडावर सुटशील, कशाला तारखा खातोस’ असं कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी सांगतं, पोरगं बिचारं वैतागलेलं असतं, उभं राहून गुन्हा कबूल म्हणतं. मॅजिस्ट्रेटपुढं गुन्हा कबूल केला आणि त्यावर शिक्षा झाली की मग मी आलोच नव्हतो, आदेश मिळालाच नव्हता हे अपिलात म्हणता येत नाही. बीएनएसएस ४१६ (जुनं ३७५) म्हणतं की कबुलीनंतर अपील फक्त शिक्षा किती दिली आणि ती कायद्यात बसते का एवढ्याच मुद्द्यावर. आणि दंडावर सुटशील हे सांगणाऱ्यानं सहा महिन्यांच्या किमान शिक्षेचं वाक्य बहुतेक वाचलेलंच नसतं. कबुली आधीच होऊन गेली असेल तर दोन गोष्टी करा. रोजनाम्याची (कोर्टात त्या त्या तारखेला काय झालं त्याची नोंद) आणि कबुलीच्या नोंदीची नक्कल काढा, त्याला आरोप समजावून सांगितला होता का, वकील होता का, काय शब्दात लिहिलंय ते वकिलाला दाखवा. आणि शिक्षा कमी का व्हावी ह्याचे कागद जमवा, त्यावर पुढं येतेच.

कबुली नसेल, केस लढून शिक्षा झाली असेल तर अपिलात सगळंच उघडं असतं. सरकारला १४२ मध्ये काय सिद्ध करावं लागतं ते बघा म्हणजे मुद्दे आपोआप सापडतात. आदेश होता आणि त्या तारखेला त्याची मुदत चालू होती, तो आदेश ह्या माणसाला बजावला होता, आणि तो परवानगीशिवाय हद्दीत मिळून आला.

बजावणीचा कागद हातात घ्या. त्यावर सही त्याचीच आहे का, का घरी नव्हता म्हणून चुलत्याच्या हातात दिला, तारीख कुठली, ज्या हवालदारानं बजावला तो कोर्टात साक्षीला आला का. आदेश फक्त झेरॉक्सवर दाखवला की मूळ किंवा नक्कल रेकॉर्डवर आहे. मग मिळून आल्याची जागा. आदेशात नेमकं काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचा, पूर्ण जिल्हा आहे, का दोन-तीन तालुके, का शेजारचा जिल्हा सुद्धा. कराड सोडून हायवेनं कासेगावकडं आलं की सांगली जिल्हा लागतो, शिरवळच्या पुढं नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा, अशा हद्दीवरच्या धाब्यावर, पुलाजवळ पकडलं असेल तर पंचनाम्यात ‘हायवेलगत’ एवढंच लिहून भागत नाही, जागा कुठल्या गावच्या हद्दीत हे यायला पाहिजे. पंच कोण होते, त्यांनी कोर्टात काय सांगितलं, का फितूर झाले. सगळे साक्षीदार पोलीसच आहेत एवढ्या एका कारणावर शिक्षा रद्द होत नाही हे मात्र लक्षात ठेवा, पोलिसांची साक्ष विश्वासार्ह वाटली तर कोर्ट ती धरतं, म्हणून त्यांच्या साक्षीत एकमेकात कुठं मेळ बसत नाही ते शोधायचं, पकडल्याची वेळ, गाडी, स्टेशन डायरीतली नोंद. शेवटी आरोपीला कोर्टानं जे प्रश्न विचारले त्या जबाबाचा कागद पण बघा, ज्या गोष्टीवर शिक्षा दिलीये ती त्याला विचारलीच नसेल तर तो चांगला मुद्दा आहे.

घरचे बऱ्याचदा सांगतात की तो तर कोल्हापुरात होता, तिथून आणून इथं दाखवलाय. असेल तसंही. पण हे खालच्या कोर्टात उलटतपासात आलं नसेल, मोबाईलचं लोकेशन किंवा सीसीटीव्ही मागितलं नसेल, तर अपिलात नवीन पुरावा आणणं अवघड आहे, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि कोर्ट तो क्वचितच मंजूर करतं. ज्यांची केस अजून खालच्या कोर्टात चालू आहे त्यांनी हे आजच वकिलाच्या कानावर घाला.

शिक्षा कमी करायचा मुद्दा वेगळा लिहायला लावा, ‘कमी करावी ही विनंती’ अशी एक ओळ नको. का आला होता? वडील आयसीयूत होते तर डिस्चार्ज कार्ड, मयत होती तर मृत्यू दाखला आणि त्यावरची तारीख, बायकोची डिलिव्हरी होती तर दवाखान्याचा कागद, आणि ती तारीख पकडल्याच्या तारखेला जुळली पाहिजे. पकडताना त्याच्याकडं हत्यार नव्हतं, कुणाशी भांडण केलं नव्हतं, आदेश मोडल्याचा हा पहिलाच प्रकार, घरात कमावणारा एकटाच, हे सगळं लिहून द्या. सहा महिन्यांच्या खाली यायला कोर्टाला कारण नोंदवावं लागतं म्हणजे कारण आपणच हातात द्यायला पाहिजे. केस चालू असताना जितके दिवस आत काढले ते शिक्षेतून वजा होतात, त्याचा हिशोब निकालात लिहिलाय का बघा, कधी कधी ती ओळच राहिलेली असते. दंड भरला असेल तर पावती ठेवा, दंड भरल्यानं अपिलाचा हक्क जात नाही.

अपील केलं तर शिक्षा वाढते ही भीती आपल्याकडं फार आहे, त्यापायी लोक गप बसतात. आरोपीनं केलेल्या अपिलात सेशन कोर्ट शिक्षा वाढवू शकत नाही. सरकारनं स्वतः वाढवून मागणारं अपील केलं तर ते वेगळं, तेव्हा पण आधी नोटीस येते आणि बाजू मांडायला मिळते.

पहिला ढीग विसरू नका. मूळ आदेशाविरुद्ध कलम ६० चं अपील आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसात करायचं, नकलेचे दिवस इथंही वजा होतात, दोन प्रतीत, आदेशाची प्रत जोडून. अपील चालू असेपर्यंत आदेश लागूच राहतो, मुद्दाम स्थगिती मिळाली तरच थांबतो. तिथं नाही म्हटलं तर हायकोर्टात रिट याचिका, आणि ते आता मुंबईला जायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालंय, सांगली आणि सातारा त्यातच येतात. सेशन कोर्टानं शिक्षेचं अपील फेटाळलं तर त्याचं रिव्हिजन, म्हणजे तो निकाल तपासून बघा असा अर्ज, ते पण तिथंच, ९० दिवसात. मुंबईला वकील, लॉज, एसटी हे सगळं ज्यांनी केलंय त्यांनाच ह्याची किंमत कळेल.

आदेशात बघायचं ते हे की कलम ५९ ची नोटीस दिली होती का, आरोप कशा स्वरूपाचे ते त्यात लिहिलं होतं का, म्हणणं मांडायला, साक्षीदार द्यायला संधी दिली का. गुन्हे किती जुने आहेत, त्यातले किती निर्दोष सुटलेत. तडीपारी पूर्ण दोन वर्षं का, त्याचं कारण लिहिलंय का. २०२२ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं जालन्याच्या एका प्रकरणात आदेश रद्द करताना सांगितलं की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, माणसाच्या फिरण्याच्या मूलभूत हक्कावर घाला आहे, आणि दोन वर्षांची कमाल मुदत द्यायची तर ती का लागते ते आदेशात दिसलं पाहिजे.

आणि शिक्षा झालेल्यानं आदेशाविरुद्ध का भांडायचं ते १९७४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातून कळतं. अहमदाबादचा एक तडीपार माणूस आदेश मोडून शहरात आला, त्याच्यावर ह्याच कायद्याच्या १४२ ची केस झाली, मधल्या काळात हायकोर्टानं तडीपारीचा आदेश रद्द केला कारण त्याला नीट ऐकून घेतलं नव्हतं. तरी पुढं १४२ मध्ये त्याला दोषी धरलं, का तर तो आला तेव्हा आदेश उभा होता. सुप्रीम कोर्टानं, न्यायमूर्ती कृष्णा अय्यर, त्याला सोडलं, म्हटलं बाजू ऐकून न घेता दिलेला तो आदेश पहिल्यापासूनच शून्य. वकिलाला एवढं सांगितलं तरी कुठला निकाल ते कळतं. ह्याचा अर्थ आदेश चुकीचा वाटतोय म्हणून बिनधास्त घरी यायचं असा कुणी घेऊ नका. आदेश रद्द करून आणा, आणि तोवर बाहेर रहा.

यायचंच असेल तर रस्ता आहे. कलम ६२ मध्ये ठराविक दिवसांसाठी लेखी परवानगी मिळते, लग्न, आजारपण, दहावा-तेरावा, परीक्षा. ज्यानं आदेश काढला त्या प्रांत किंवा एसपी ऑफिसला अर्ज द्यायचा, सोबत पुरावा, किती दिवस, कुठं राहणार, कुठल्या पोलीस स्टेशनला हजेरी देणार. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. शिक्का म्हणजे परवानगी नाही, लेखी आदेश हातात आल्याशिवाय हलायचं नाही, आणि मुदत संपली की त्याच दिवशी बाहेर, कारण परवानगीनं येऊन वेळेत न जाणं हे पण १४२ मध्येच येतं. कोर्टाच्या तारखेसाठी येण्याबद्दल बऱ्याच आदेशात वेगळी ओळ असते, ती वाचा, पोलीस स्टेशनला आधी लेखी कळवा, तारखेचा कागद खिशात ठेवा, कोर्टातून सुटला की स्टँडवर, गावात चक्कर नको.

तडीपारीची मुदत कधी संपते हे पण अंदाजानं धरू नका. आदेशात मुदत कुठल्या दिवसापासून मोजायची ते लिहिलेलं असतं, मधे परत अटक झाली असेल, स्थगिती मिळाली असेल तर हिशोब हलतो. परत यायच्या आठवडाभर आधी ज्या ऑफिसनं आदेश काढला तिथं मुदत कधी संपते असा साधा अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या, त्याची झेरॉक्स घरी एक, वकिलाकडं एक, आणि मूळ कागद त्याच्याजवळ.